‘आय हॅड’ला टेकू कुठला? मराठी ‘होतो’ आणि इंग्रजी पास्ट परफेक्ट

तुमचा प्रश्न असा आहे : ‘काल मी बँकेत गेलो होतो’ याचं इंग्रजी तुम्ही ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे’ असं केलंत आणि ते चूक ठरलं. शाळेत तर ‘गेलो होतो’ म्हणजे पूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणजे हॅड, असंच शिकवलेलं. सोबत तुम्ही आणखी दोन वाक्यं दिली आहेत : ‘आय हॅड सबमिटेड द फॉर्म बट आय डिड नॉट गेट एनी रिप्लाय’ आणि ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम अर्लियर’. स्वतःबद्दल बोलताना हॅड नेमकं कधी लावायचं, असं तुम्ही विचारलंय.

खरी अडचण मराठीतल्या ‘होतो’मध्ये आहे. हे ‘होतो’ दोन वेगवेगळी कामं करतं. ‘तू फोन केलास तेव्हा मी जेवलो होतो’ या वाक्यात ते सांगतं की फोनच्या आधीच जेवण उरकलं होतं. हेच इंग्रजी पास्ट परफेक्टचं, म्हणजे हॅड लावून होणाऱ्या पूर्ण भूतकाळाचं काम. पण ‘काल मी बँकेत गेलो होतो’ यात आधी-नंतर काहीच नाही. इथे ‘होतो’ एवढंच सांगतं की गेलो, काम झालं, आता परत आलोय, विषय संपला. ‘पाऊस आला होता’ म्हणजे आता थांबलाय, तसंच. इंग्रजी हॅड हे दुसरं काम करत नाही.

गंमत म्हणजे दोन्ही भाषांत ऐकणाऱ्याची अपेक्षा नेमकी उलटी असते. मराठीत ‘काल मी बँकेत गेलो’ एवढं म्हणून थांबलात, तर समोरचा ‘बरं, मग?’ असं विचारेल, कारण ती गोष्टीची सुरुवात वाटते. ‘गेलो होतो’ म्हटलं की माहिती पूर्ण होते. इंग्रजीत ‘आय वेंट टू द बँक यस्टरडे’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘आय हॅड गॉन टू द बँक’ म्हटलंत की ऐकणारा वाट बघतो : कशाच्या आधी? आणि तुम्ही थांबलात की वाक्य लटकतं. त्यात ‘यस्टरडे’ असल्याने व्याकरण बिघडत नाही. उणीव असते ती दुसऱ्या क्षणाची.

या दुसऱ्या क्षणाला मी शिकवताना ‘टेकू’ म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये काळांची जी मांडणी केली, तिचं सार हेच आहे. त्यांच्या मते प्रत्येक काळाच्या मागे तीन बिंदू असतात : बोलण्याचा क्षण, घटना घडली तो क्षण, आणि जिथे उभं राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. सिंपल पास्टमध्ये, म्हणजे साध्या भूतकाळात, घटनेचा आणि पाहण्याचा बिंदू एकच असतो. पास्ट परफेक्टमध्ये पाहण्याचा बिंदूही भूतकाळातच असतो, पण घटना त्याच्याही मागे असते. ‘आय हॅड’ लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी भूतकाळातल्या कुठल्या क्षणी उभा राहून मागे बघतोय? उत्तर मिळालं तर हॅड. नाही मिळालं तर साधा भूतकाळ. निदान लिहिताना तरी ही सवय लावाच.

आता रचना. ती सोपी आहे, तरी मराठी माणूस तिथेही अडखळतो आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. मराठीत ‘मी गेलो होतो’, ‘मी गेले होते’, ‘मी पुस्तक वाचलं होतं’, ‘मी चिठ्ठी लिहिली होती’ असा शेवटचा शब्द बदलत राहतो. इंग्रजीत कर्ता-कर्म काहीही असो, हॅड तसंच राहतं आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘होतो’ म्हणजे ‘वॉज’ हे डोक्यात घट्ट बसलेलं असल्याने ‘आय वॉज वेंट’, ‘आय वॉज टोल्ड हिम’ अशी वाक्यं तयार होतात. पहिलं निव्वळ चूक आहे आणि ते कुणीही पकडेल. दुसरं जास्त धोक्याचं, कारण अशा वाक्यातलं ‘हिम’ गळलं की अर्थच फिरतो. ‘आय हॅड टोल्ड’ म्हणजे मी सांगितलं होतं. ‘आय वॉज टोल्ड’ म्हणजे मला सांगण्यात आलं. तक्रारीच्या पत्रात ‘आय वॉज इन्फॉर्म्ड ऑन मंडे’ लिहिलंत, तर तुम्ही कळवलं असं नाही, तर तुम्हाला सोमवारीच कळलं होतं असं तुम्ही कबूल करून बसता.

तिसऱ्या रूपातही त्याच त्या क्रियापदांना ठेच लागते. ‘हॅड वेंट’, ‘हॅड सॉ’, ‘हॅड एट’, ‘हॅड ड्रँक’, ‘हॅड केम’, ‘हॅड रोट’ हे सगळं चूक. बरोबर : ‘हॅड गॉन’, ‘हॅड सीन’, ‘हॅड ईटन’, ‘हॅड ड्रंक’, ‘हॅड कम’, ‘हॅड रिटन’. कम, बिकम आणि रन यांचं तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच असतं, म्हणून ते विशेष चकवतात. ‘आय हॅड हॅड’ दिसलं की छपाईची चूक वाटते, पण ‘आय हॅड हॅड माय लंच बिफोर दे केम’ अगदी शुद्ध आहे. पहिलं हॅड काळ दाखवतं, दुसरं ‘हॅव’चं तिसरं रूप. बोलताना ते आखडून ‘आयड हॅड’ होतं आणि मग खटकतही नाही.

टेकू मिळतो कुठून? पुष्कळदा ‘व्हेन’च्या उपवाक्यातून. ‘व्हेन माय ब्रदर अराइव्ह्ड, आय लेफ्ट’ म्हणजे भाऊ आला आणि मग मी निघालो, आमची भेट झाली. ‘व्हेन माय ब्रदर अराइव्ह्ड, आय हॅड लेफ्ट’ म्हणजे तो आला तेव्हा मी तिथे नव्हतो, भेट झालीच नाही. एका शब्दाने भेट झाली की हुकली ते ठरतं. अशा ठिकाणी हॅड गाळता येत नाही. ‘बाय द टाइम’ असेल तरी हॅड जवळजवळ ठरलेलंच : ‘बाय द टाइम आय फाउंड द की, दे हॅड गॉन’. बसतो न बसतो तोच फोन वाजला, हे सांगायला ‘आय हॅड हार्डली सॅट डाउन व्हेन द फोन रँग’. हेच ‘नो सूनर’ने सांगायचं तर ‘नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग’. तिथे हॅड ‘आय’च्या आधी येतं आणि पुढे ‘व्हेन’ नव्हे, ‘दॅन’.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ मात्र स्वतःच क्रम सांगतात. म्हणून ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ पुरेसं आहे, ‘आय हॅड लॉक्ड’ची गरज नाही. लावलंत तर चूक नाही, पण मग ‘आधीच’ यावर जोर पडतो. ‘आफ्टर आय हॅड रेड द लेटर, आय कॉल्ड हर’ यात पूर्ण वाचून झाल्यावर असा भाव येतो आणि ‘आफ्टर आय रेड’ नुसता क्रम सांगतं. हे प्रसंगावर आणि तुम्हाला काय ठसवायचंय यावर अवलंबून आहे. परीक्षेत मात्र ‘आफ्टर’च्या उपवाक्यात हॅड अपेक्षित धरण्याची पद्धत दिसते. उत्तरपत्रिकेत ते लावून मोकळं व्हावं.

सगळ्यात जास्त गोंधळ एका वाक्यात नव्हे, परिच्छेदात होतो. हा नमुना बघा, अशा मेल्स रोज लिहिल्या जातात :

‘आय हॅड ऑर्डर्ड अ प्रिंटर ऑन द थर्ड. आय हॅड रिसीव्ड इट ऑन द सेव्हन्थ. आय हॅड ओपन्ड द बॉक्स अँड आय हॅड फाउंड दॅट द केबल वॉज मिसिंग. आय हॅड कॉल्ड युअर ऑफिस द सेम डे.’

पाच हॅड आहेत आणि एकाचीही गरज नाही. ऑर्डर, मिळणं, उघडणं, सापडणं, फोन हे सगळं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगितलंय. क्रम सरळ असला की इंग्रजी साध्या भूतकाळावर पुढे सरकते : ‘आय ऑर्डर्ड... आय रिसीव्ड... आय ओपन्ड द बॉक्स अँड फाउंड... आय कॉल्ड...’. ‘सगळं जुनं आहे, म्हणून सगळ्याला हॅड’ हा हिशेब इंग्रजीत चालत नाही. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची असली तरी सरळ क्रमात ती सिंपल पास्टमध्येच येते. हॅड घटनेचं वय मोजत नाही.

याच मेलमध्ये पुढे लिहा : ‘युअर इंजिनिअर कॉल्ड ऑन द टेन्थ, बट बाय देन आय हॅड बॉट अ केबल.’ इथे हॅड हवंच. दहा तारखेवर उभं राहून तुम्ही मागे बघताय आणि केबल आधीच घेऊन झालीय. ‘आय बॉट’ लिहिलंत तर ‘बाय देन’शी जुळणार नाही. किंवा मेलची सुरुवातच मधून करा : ‘आय कॉल्ड युअर ऑफिस ऑन द सेव्हन्थ. आय हॅड ओपन्ड द बॉक्स दॅट मॉर्निंग अँड फाउंड द केबल मिसिंग.’ घटना त्याच आहेत. फक्त सांगण्याचा क्रम उलटा झाला, आधी फोन आणि मग खोका, म्हणून मागे जाताना हॅड आलं. टेकू त्याच वाक्यात असावा लागत नाही, हेही इथे दिसतं. तो आधीच्या वाक्यात आहे. ‘हॅड ओपन्ड’नंतर ‘फाउंड’ला पुन्हा हॅड लावलेलं नाही, तेही ध्यानात घ्या. ‘अँड’ने जोडलेल्या क्रियांना एकच हॅड पुरतं.

लांब गोष्ट सांगतानाही हेच तंत्र वापरतात. प्रथमपुरुषी कथेत निवेदक मागे गेला की पहिल्या एक-दोन क्रियापदांना हॅड लागतं, वाचकाला कळतं की आपण मागच्या काळात आलो, आणि तिथून पुढे साधा भूतकाळ चालतो. दोन पानांचा पूर्ववृत्तांत हॅड-हॅड करत लिहिला तर वाचणारा थकतो. परत येताना ‘दॅट इव्हनिंग’सारखा एखादा शब्द पुरेसा असतो. आणि कथेचा मुख्य धागाच वर्तमानकाळात असेल, ‘आय ओपन द डोअर, आय सी हिम’ अशा पद्धतीने, तर मागे जायला सिंपल पास्टच घ्यायचा. हॅड दोन पायऱ्या खाली नेतं. वर्तमानातून एकच पायरी उतरायची असते.

‘आय’बरोबर हॅड सर्वात स्वाभाविकपणे येतं ते लक्षात येणं, आठवणं, दिसणं, वाटणं अशा क्रियांपाठोपाठ. ‘आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय फोन अॅट होम.’ ‘आय रिमेंबर्ड दॅट आय हॅड प्रॉमिस्ड टू कॉल.’ लक्षात आलं तो क्षण हा टेकू, आणि विसरणं किंवा शब्द देणं त्याच्या आधीचं. मराठीत इथे आपण ‘मी फोन घरी विसरलोय हे लक्षात आलं’ असं वर्तमानाकडे झुकलेलं रूप वापरतो. त्यामुळे जिथे हॅड खरंच हवं असतं तिथे नेमकं ते सुटतं आणि नको तिथे येतं. या साच्याची दहा वाक्यं स्वतःच्या दिवसावरून लिहून बघा. नियम पाठ करण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

सांगितलेलं बोलणं याच जातीचं. ‘आय हॅव फिनिश्ड’ असं मी म्हणालो, तर ते कळवताना ‘आय सेड आय हॅड फिनिश्ड’. मूळ वाक्य साध्या भूतकाळात असेल तर काळ आणखी मागे नेणं ऐच्छिक आहे. ‘आय टोल्ड हर आय हॅड मेट हिम इन मार्च’ आणि ‘आय टोल्ड हर आय मेट हिम इन मार्च’ दोन्ही चालतात, कारण ‘मार्च’ने वेळ स्पष्ट झाली. संदिग्धता राहत असेल तिथे हॅड ठेवा.

किती काळ चाललं होतं हे सांगायचं तर ‘आय हॅड बीन’ आणि आयएनजी रूप : ‘आय हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन द डॉक्टर केम’. इथे ‘आय वॉज वेटिंग फॉर टू अवर्स’ असं लिहिण्याची सवय फार आहे. पण डॉक्टर येईपर्यंतची मोजणी हॅड बीन करतं. नो, ‘जवळ असणं’ या अर्थाचं हॅव, बिलाँग, लाइक अशी स्थितिदर्शक क्रियापदं मात्र इथे सहसा आयएनजी घेत नाहीत. दहा वर्षांची ओळख म्हणजे ‘आय हॅड नोन हर फॉर टेन इयर्स’, ‘हॅड बीन नोइंग’ नाही. मुलाखतीत ‘आय हॅड वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ एवढंच म्हणाल तर टेकू नाही. नोकरी संपली असेल तर ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. आणि ‘आय हॅड वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स व्हेन आय वॉज प्रमोटेड’ बरोबर, कारण बढतीच्या क्षणापर्यंत तीन वर्षं भरली होती. पदवी ‘आय कम्प्लीटेड इन २०१९’, हॅड नको.

‘आयड’ या आखडलेल्या रूपाकडे जरा लक्ष द्या, कारण ते ‘आय हॅड’ही असतं आणि ‘आय वुड’ही. पुढचं क्रियापद बघायचं. ‘आयड सीन’ म्हणजे हॅड, ‘आयड सी’ म्हणजे वुड. कम, पुट, कट, हिट यांची पहिली आणि तिसरी रूपं सारखीच असल्याने तिथे संदर्भच निकाल देतो. ‘आयड बेटर गो’मधलं आयड हॅडचंच आहे, पण त्याचा भूतकाळाशी संबंध नाही. ‘मी निघालेलं बरं’ एवढाच त्याचा अर्थ.

एक उपयोग पाठ्यपुस्तकांत कोपऱ्यात पडलेला असतो, पण स्वतःबद्दल बोलताना तो फार कामाचा आहे. होप, इन्टेन्ड, प्लॅन, मीन, एक्स्पेक्ट यांना हॅड लावलं की ‘ठरवलं होतं, पण झालं नाही’ असा अर्थ निघतो. ‘आय हॅड होप्ड टू मीट यू’ म्हणजे भेटीची आशा होती, भेट झाली नाही. ‘आय हॅड मेन्ट टू कॉल’ म्हणजे फोन करायचा मनात होता, राहून गेला. वेगळा टेकू शोधावा लागत नाही, मोडलेला बेत हाच टेकू. आणि इथे मराठी ‘होतं’ आणि इंग्रजी हॅड चक्क हातात हात घालून चालतात, तेव्हा बिनधास्त वापरा.

‘गॉन’ आणि ‘बीन’चा प्रश्नही ‘आय’मुळेच उठतो. वर्तमानात मी इथे उभा असताना ‘आय हॅव गॉन टू द बँक’ म्हणू शकत नाही, कारण ‘गॉन’ म्हणजे गेलोय आणि अजून तिकडेच आहे. पास्ट परफेक्टमध्ये ही अडचण नाही : ‘व्हेन यू कॉल्ड, आय हॅड गॉन टू द बँक’ म्हणजे तुमचा फोन आला तेव्हा मी बँकेत होतो किंवा वाटेत होतो. ‘आय हॅड बीन टू द बँक’ म्हणजे फोनच्या आधीच जाऊन आलो होतो. तुमचं पहिलं वाक्य या टेकूसह लिहिलंत तर दोन्ही शुद्ध, पण अर्थ वेगळे.

दुसरं वाक्य, फॉर्मचं. फॉर्म आधी आणि उत्तर न मिळणं नंतर, म्हणून हॅड योग्य वाटतं. पण ‘बट’ने जोडलेला क्रम सरळच आहे. उत्तर अजूनही आलेलं नसेल, आणि बहुधा म्हणूनच तुम्ही लिहिताय, तर ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन द सेकंड बट हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय’ असं लिहा. ‘हॅव नॉट’मुळे वाट पाहणं अजून चालू आहे हे पोचतं. ‘डिड नॉट गेट’ने प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. प्रकरण खरंच मिटलेलं असेल तर ‘आय सबमिटेड... बट डिड नॉट गेट एनी रिप्लाय’ ठीक आहे. ‘अॅज आय हॅड मेन्शन्ड अर्लियर’लाही हेच लागू : ‘अॅज आय मेन्शन्ड अर्लियर’ पुरे.

तिसरं वाक्य जर-तरचं. मराठीत दोन्हीकडे एकच रूप येतं, ‘मला माहीत असतं तर मी लवकर आलो असतो’, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठेवण्याचा मोह होतो. अमेरिकी बोलण्यात तसं ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात ‘इफ’च्या बाजूला वुड चालत नाही. तिथे हॅड येतं आणि ‘वुड हॅव’ दुसऱ्या बाजूला : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम अर्लियर’. ‘इफ’ गाळून ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम अर्लियर’ असंही लिहितात, ते जरा औपचारिक आहे. ‘विश’चंही असंच : ‘आय विश आय हॅड आस्क्ड’, म्हणजे विचारायला हवं होतं, विचारलं नाही. या वाक्यांत हॅडचा अर्थ ‘आधी’ असा नाही, ‘घडलंच नाही’ असा आहे. म्हणून टेकूची कसोटी इथे लावू नका. ‘इफ’ किंवा ‘विश’ दिसलं आणि गोष्ट भूतकाळात न घडलेली असली, की हॅड लावायचं.